पेटीतली गुलाबी चिठ्ठी

९ डिसेंबर, सोमवार

आणखी एक उपक्रम! दादाजी सरांनी मधल्या सुट्टीत मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मॅडम, वरून आलं हाय. नववी-दहावीच्या पोट्ट्यायले सायबर सुरक्षा शिकवाची. तालुक्याले तुमचं ट्रेनिंग झालं न? मंग तुमीच घ्या." मुख्याध्यापकाला नाही कसं म्हणायचं? विज्ञान माझं, गणित माझं, हात धुवायचा दिवस माझा — आता इंटरनेटही माझंच.

अट एकच. प्रत्येक कार्यक्रमाचा जीपीएसवाला फोटो ग्रुपवर पडला पाहिजे. फोटोखाली गाव, तारीख, वेळ छापून आली की उपक्रम झाला. पोरांच्या डोक्यात काय गेलं ते कोणी विचारत नाही.

घरी यांना सांगितलं. हे पोंभुर्ण्याच्या पोस्टात. पंचवीस वर्षं लोकांची बंद पाकिटं घरोघरी पोहोचवतात. म्हणाले, "शिकव. पण आधी तुझा पासवर्ड बदल. रंजीता एक दोन तीन चार कोणी ठेवते का?" बदलला. सकाळपर्यंत लक्षात राहिला म्हणजे मिळवली.

११ डिसेंबर, बुधवार

पहिला तास झाला. दोन्ही वर्ग एकत्र, एक्केचाळीस पोरं. विचारलं, स्वतःचा मोबाईल कोणाजवळ आहे? चार हात वर. इन्स्टावर कोण कोण आहे? छत्तीस! म्हटलं, बत्तीस जण काय पाटीवर इन्स्टा चालवता का रे? हसले सगळे.

मग फोटोचं सांगितलं. एकदा हातातून गेलेला फोटो परत येत नाही. कोणाचा फोटो न विचारता पुढे पाठवणं हाही गुन्हाच. कोणी धमकी दिली तर स्क्रीनशॉट ठेवायचा, मोठ्या माणसाला सांगायचं, पैसे द्यायचे नाहीत, भेटायला जायचं नाही. हसणं थांबलं. शेवटी विचारलं, काही शंका? सगळ्यांच्या माना खाली. म्हणजे शंका आहेत, तोंड नाही.

म्हणून पेटी. लटारूभाऊंनी — आमचे शिपाई, हाताला भारी गुण — बिस्किटाच्या डब्याला छिन्नीने फट पाडली, कडी बसवली, कुलूप लावलं. व्हरांड्यात ठेवली. किल्ली माझ्या पर्समध्ये. पोरांना म्हटलं, नाव लिहू नका, मनात येईल ते लिहा, माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही.

पहिल्या बाकावरून दिव्यानी म्हणाली, "मॅडम, नक्की न?"

म्हटलं, नक्की. वचन देते.

ही नववीतली. नाट्य मंडळाचे अध्यक्ष प्रफुलभाऊ, त्यांची पोरगी. आवाज खणखणीत. तीन जानेवारीला बालिका दिनाचं भाषण यंदा हिलाच द्यायचं, आत्ताच ठरवून टाकलं.

१४ डिसेंबर, शनिवार

पेटीत सव्वीस चिठ्ठ्या! एवढं तर परीक्षेच्या पेपरातही लिहीत नाहीत. "डिलीट मारलेला फोटो मोबाईलवाल्याले दिसते का?" "माहा भाऊ माहे मेसेज वाचते, हा गुन्हा हाय का?" "गेम खेलता खेलता एक जण शिव्या देते, त्याले कसं पकडाचं?" एकाने लिहिलंय — "मॅडम तुमी इन्स्टावर हाय का, आमाले सापडल्या नाई." बदमाश.

या वर्षी हातून काही चांगलं झालं. बरं वाटलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज एक चिठ्ठी. गुलाबी कागद, नाटकाच्या पाम्प्लेटच्या पाठीमागे लिहिलेली. हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीत नाटकांची पाम्प्लेटं पानटपरीपासून भाकरीच्या फडक्यापर्यंत सगळीकडे असतात. जशीच्या तशी उतरवून ठेवते.

"मॅडम, एकाजवळ फोटो हाय. तो म्हणते पटाच्या दिवशी भेटाले ये, नाई तं घरच्यांच्या मोबाईलवर टाकतो. ब्लॉक केलं तं दुसऱ्या नंबरवरून येते. पोलिसात गेलं तं नाव बाहेर येते का? लवकर सांगा."

गावचा शंकरपट बारा जानेवारीला. दिवसभर बैलजोड्यांच्या शर्यती, मग रात्री नाटक. अख्खं गाव मैदानावर असतं, घरं रिकामी. त्या माणसाने दिवस बरोबर निवडला आहे.

सव्वीस दिवस. आणि ही कोण, मला माहीत नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

वह्या तपासायच्या निमित्ताने सगळ्या मुलींचं अक्षर पाहिलं. चिठ्ठी मुद्दाम मोठ्या अक्षरात काढलेली, कशाशी जुळेना. आणि मग स्वतःचीच लाज वाटली. नाव लिहू नका म्हटलं होतं न मी?

वर्गात सगळ्यांसमोर उत्तर दिलं. अठरा वर्षांखालच्या मुलाचं, मुलीचं नाव कोणी छापू शकत नाही, सांगू शकत नाही. एक शून्य नऊ आठला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावा. नाही तर माझ्याजवळ या, मी सोबत येते. बोलता बोलता एकेका मुलीचा चेहरा पाहत होते. सगळ्याच मला घाबरलेल्या दिसल्या. कोणी आलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

पालक सभा. पन्नासेक माणसं आली, बाया जास्त. दादाजी सर म्हणाले, "मॅडम, पोट्ट्यायच्या आधी मायबापाले शिकवा." खरंच होतं ते. घरी सांगायची सोय नाही म्हणून तर पोरं डब्यात चिठ्ठ्या टाकतात.

बोलले. पण कोणी ऐकेना. मागे पुरुषांचं धानाच्या भावावर चाललेलं, पुढे लेकरं रडतात. मला राग आला. आणि मी पर्समधून ती गुलाबी चिठ्ठी काढली. म्हटलं, ऐका, तुमच्याच गावच्या लेकराने लिहिलंय. आणि वाचली. अक्षर कोणाला दिसू नये म्हणून लिहिलेली बाजू माझ्याकडे धरली होती, तेवढी काळजी घेतली.

शांत झाले सगळे. एक बाई मधूनच उठून बाहेर गेली, पाणी प्यायला असेल. मी सांगितलं — लेकराला मारू नका, मोबाईल फोडू नका, त्यातच पुरावा असतो. शाळा बंद करू नका. लेकराची चूक नाही. दोन बायांनी डोळे पुसले. लटारूभाऊंनी माझ्या मोबाईलवर फोटो काढला. छान आला! मी बोलतेय, समोर सगळे ऐकतायत. लगेच केंद्राच्या आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. चाळीस अंगठे आले.

आज काहीतरी केल्यासारखं वाटतंय.

२३ डिसेंबर, सोमवार

पेटी उघडली. रिकामी. दिव्यानी आली नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

पेटी रिकामी. दिव्यानी नाही. गावात पटाची गुलाबी पाम्प्लेटं वाटून राहिलेत, बसमध्येही एकाने हातात दिलं. तोच गुलाबी.

कागद तोच. मग ती चिठ्ठी आठवड्याआधी या कागदावर कशी आली? पाम्प्लेट आज निघालं!

२६ डिसेंबर, गुरुवार

खुशबूने सांगितलं. ती दिव्यानीच्या शेजारी बसते, शेजारीच राहते. प्रयोगशाळेत मला एकटी गाठली आणि रडायलाच लागली.

"मॅडम, तिच्या बाबानं तिले लय मारलं. बेल्टानं. मोबाईल दगडानं फोडला. विचारते, पोट्टा कोण हाय, सांग. दिव्यानी काईच बोलत नाई. एक शब्द नाई."

"तिच्या बाबाला कसं कळलं?"

खुशबू माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "तुमीच तं सांगितलं न जी, सभेत."

म्हटलं, मी नाव घेतलं नाही, मला माहीतच नव्हतं! तिने ओढणीने नाक पुसलं आणि गेली.

२८ डिसेंबर, शनिवार

गेले दिव्यानीच्या घरी. हे लिहायला नको वाटतं, पण लिहायचं.

प्रफुलभाऊंनी खुर्ची टाकली. मला वाटलं होतं, शिव्या देतील. माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा! "मॅडम, तुमचे लय उपकार झाले. तुमी नसत्या तं आमाले समजलंच नसतं."

आणि मोबाईल दाखवला. माझाच फोटो. गेल्या शनिवारच्या सभेचा. दोन बोटांनी मोठा केला — माझा हात, हातात चिठ्ठी. लिहिलेली बाजू माझ्याकडे. छापलेली बाजू लोकांकडे. "भव्य संगीत नाटक" आणि खाली पटाची तारीख, स्पष्ट वाचता येत होती.

"हे पाम्प्लेट पंधरा तारखेले वडशावरून छापून आलं. मीच आणलं. गठ्ठा माझ्या पलंगाखाली होता, चोवीसपर्यंत कोणाले दिलाच नाई. तुमची सभा एकवीसची. तुमच्या हातात कसं आलं? मी सभेत नवतो, मंडळाच्या कामानं गेलो होतो. आमची पुनम होती. तिनं तं घरी येऊन एक शब्द नाई काढला, बाकीच्यायनं सांगितलं काय वाचलं ते. घरात शाळा शिकणारी एकच पोट्टी हाय जी. अजून काय पायजे?"

अक्षर लपवलं मी. घर दाखवून दिलं.

पुढे म्हणाले, तिच्या मोबाईलमध्ये काहीच सापडलं नाही, पुसून टाकलं असेल. आता शाळा बंद. पट झाला की गोंडपिपरीला आत्याकडे. तिथे एक मुलगा पाहून ठेवला आहे. म्हटलं, भाऊ, पंधरा वर्षांची आहे ती! "लगन आता नाई करत जी. जबान देऊन ठेवतो. दाखला तेवढा काढून द्या." दादाजी सरांकडे अर्जही दिला आहे म्हणे. पंधरा जानेवारीला दाखला न्यायला येतात.

दिव्यानीच्या आईने, पुनमबाईंनी, चहा आणला. बशीत अर्धा सांडला. माझ्याकडे पाहिलं नाही, उभ्याही राहिल्या नाहीत. कोणत्या तोंडाने पाहतील माझ्याकडे?

दिव्यानीला भेटू द्या म्हटलं, दोन मिनिटं. आतल्या खोलीत होती, धानाच्या पोत्यांना टेकून. दंडावर वळ. मी जवळ बसले. माफी मागायला तोंड उघडलं तर तीच आधी बोलली.

"तुमी म्हटलं होतं, कोणी वाचणार नाई."

हो म्हटलं. चुकलं माझं.

"मंग उत्तर तरी सांगा. पोलिसात गेलं तं नाव बाहेर येते का?"

"नाही येत, बेटा. अठरा वर्षांखालच्या मुलीचं नाही येत."

"अन् मोठ्या माणसाचं?"

म्हणजे फोटो ज्याच्याजवळ आहे तो पोरगा नाही! कोणी मोठा माणूस आहे, आणि ही त्याला घाबरते. म्हटलं, त्याचं नाव येऊ दे न बाहेर, यायलाच पाहिजे! तिने मान हलवली, "तसं नाई जी," एवढंच म्हणाली. बाहेरून बापाची हाक आली. मी उठले.

बसस्टँडवर फोटो डिलीट करायला घेतला. सगळ्यांसाठी डिलीट होईना. मुदत निघून गेली होती. एकदा हातातून गेलेला फोटो परत येत नाही — कोणी शिकवलं हे पोरांना? मी!

२९ डिसेंबर, रविवार

यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "पंचवीस वर्षांत मी एक पाकीट फोडून पाह्यलं नाई, रंजीता. दिवसाला शंभर हातातून जातात." रागाने नाही म्हणाले. रागाने म्हटलं असतं तर बरं होतं, मी भांडले तरी असते.

३ जानेवारी, शुक्रवार

बालिका दिन. नववीच्या चार पोरी नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून आल्या. भाषणाच्या जागी दिव्यानीचं नाव कागदावर तसंच. दादाजी सर म्हणाले, "खुशबूले उभी करा." खुशबूने नाही म्हटलं. कोणीच उठेना.

मग मीच उठले. भाषण केलं नाही. म्हटलं, पोरांनो, मी तुम्हाला वचन दिलं होतं, चिठ्ठी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. मी ती भरसभेत वाचली. वर त्या चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यामुळे एक मुलगी आज इथे नाही. तुम्हाला जे करू नका म्हणून शिकवलं तेच मी केलं. विचारलं नाही आणि पाठवून दिलं. पोरं खाली पाहत होती, मीही.

दादाजी सर जवळ आले. "मॅडम, हे सगळं बोलाची काय गरज होती? अन् फोटो राह्यला कार्यक्रमाचा."

म्हटलं, आज फोटो नाही काढायचा.

"मंग पुरावा?"

म्हटलं, पुराव्यानेच पोरगी घालवली, सर. तेही वाईट माणूस नाहीत. दाखल्याचा अर्ज त्यांच्या टेबलावर आहे. हात जोडून म्हटलं, पंधरापर्यंत सही करू नका. "पंधरापर्यंत नाई करत. त्याच्यावर मायबापाले कसं अडवू?"

बाकीच्या चिठ्ठ्या घरी नेऊन चुलीत टाकल्या. गुलाबी तेवढी ठेवली, तो पुरावा आहे.

५ जानेवारी, रविवार

प्रफुलभाऊंना फोन केला. म्हटलं, ती चिठ्ठी वाचायचा मला हक्क नव्हता, पोरीने विश्वासाने टाकली होती, शिक्षा मला द्या. हसले. "मॅडम, तुमी साध्या हाय. तुमी नसती वाचली तं आमचं नाक कापलं गेलं असतं पटाच्या दिवशी." आणि मंडळाच्या कामाला लागले, मागून माईकवर कोणीतरी "हॅलो हॅलो" करत होतं.

७ जानेवारी, मंगळवार

किरकोळ रजा टाकून चंद्रपूरला गेले, सायबर पोलिसांत. बाई अधिकारी होत्या, पोरसवदा, पण ऐकून घेतलं नीट. म्हणाल्या, मुलीला घेऊन या, आम्ही साध्या कपड्यांत बोलू. किंवा तिच्या घरचं कोणी. मेसेज हवेत, नंबर हवा. म्हटलं, तिचा मोबाईल तर बापाने फोडला. "मग कोणाच्या तरी मोबाईलवर काही आलं असेल न? एवढ्या धमक्या देणारा माणूस एकदम गप्प कसा बसेल?"

परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात. मोबाईल फुटून पंधरा दिवस झाले. तो गप्प का?

१० जानेवारी, शुक्रवार

पेटी रिकामी. फटीवर कोळ्याने जाळं केलं.

१२ जानेवारी, रविवार

पट. मैदानावर पाय ठेवायला जागा नाही. बैलजोड्या सुटल्या की धुरळा, ओरडा, शिट्ट्या. मी बैल कुठे पाहते! माणसांची तोंडं पाहत फिरत होते. यातला कोण? पानटपरीवरचा? माईकवरचा? मला नमस्कार करणारा? प्रत्येकाचा संशय आला. घाण वाटली स्वतःची. दिव्यानी घरात कुलुपात आहे, खुशबूने पाहून सांगितलं. निदान आज ती त्याच्या हाती लागणार नाही, तेवढंच समाधान.

चारच्या सुमाराला शाळेच्या मागच्या भिंतीजवळ पुनमबाई दिसल्या. एकट्याच. सगळ्या बाया मैदानाकडे, आणि ह्या जंगलाकडच्या वाटेला तोंड करून उभ्या. हातात मोबाईल, घट्ट धरलेला. विचारलं, कुठे चालल्या? "कुठी नाई जी. अशीच." पोरीसाठी जीव जळत असेल, कोणत्या आईला बैल पाहवतील?

मी त्यांचा हात धरला आणि पायरीवर बसवलं. जे प्रफुलभाऊंशी नीट बोलता आलं नाही ते सगळं त्यांच्याजवळ बोलले. म्हटलं, बाई, पोरीची काही चूक नाही. माझी आहे. मी वचन मोडलं. तुमच्या घरात हे मी आणलं. फोटो कोणाचाही असो, ज्याचा आहे त्याने पाप केलं नाही, पाप धमकी देणाऱ्याचं आहे. मी रडले, शाळेच्या पायरीवर, पोरीच्या आईसमोर. शोभलं नाही, पण आवरलं नाही.

त्यांचा मोबाईल सारखा वाजत होता. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. म्हटलं, उचला न. "राहू द्या जी." मला वाटलं, प्रफुलभाऊ शोधत असतील. आम्ही पट संपेपर्यंत तिथेच बसलो, तास-दीड तास. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, पोंभुर्ण्याले तुमचं घर पोस्टाजवळच न?"

हो म्हटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

दुपारी पुनम आली. बाजाराची पिशवी, वर वांगी, मेथी. खाली फडक्यात गुंडाळलेला मोबाईल. दार लावून घ्यायला सांगितलं. बसली नाही.

"चिठ्ठी दिव्यानीनं लिवली. सांगितली मी. तिनंच म्हटलं होतं, मायवं, आमच्या मॅडमनं पेटी ठेवली, नाव लागत नाई, तुहं विचारून पाहतो. फोटो माहा हाय, बाई."

नवा मोबाईल घेतला तेव्हा जुन्यातलं नव्यात टाकून द्यायला त्या माणसाजवळ दिला होता. तेव्हाच त्याने आतले फोटो स्वतःकडे घेतले. नवऱ्यासाठी काढलेले. माणूस कोण, तेही सांगितलं. इथे लिहीत नाही.

"पोरीनं एवढे दिवस मार खाल्ला, पन मायचं नाव नाई घेतलं. अन् मी चुलीजवळ बसून आयकत होती." मग बसली, जमिनीवरच.

मी पाणी दिलं. काही विचारलं नाही. सगळे मेसेज आहेत, परवाचे सतरा फोनही.

उद्या पहिल्या बसने आम्ही दोघी चंद्रपूरला. दाखल्याच्या आधी. दिव्यानीच्या दुसऱ्या प्रश्नाचं — "अन् मोठ्या माणसाचं?" — उत्तर मला अजून माहीत नाही. त्या अधिकारी बाईंना सगळ्यात आधी तेच विचारणार.